वाचून झालं की जाळून टाक

“हे पत्र कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस. वाचून झालं की जाळून टाक.”

१४६९ सालच्या एका इंग्रजी पत्रात अशा अर्थाची ओळ आहे. पत्र लिहिणारा रिचर्ड कॅल हा नॉरफकमधल्या पास्टन घराण्याचा कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा, धान्य विकायचं, हिशेब ठेवायचे, ही त्याची कामं. जिला लिहिलं ती मार्जरी, त्याच मालकांची मुलगी. दोघांनी घरच्यांना कळू न देता लग्न केलं होतं. पत्र जाळलं गेलं नाही, ते आजही आहे. मी ते छापील पुस्तकात पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला आमच्या मिरजेच्या घरातला तांब्याचा बंब आठवला.

मी आठ वर्षांची असेन. पहाटे बंब पेटवायचं काम आत्याचं होतं. त्या दिवशी ढलप्यांबरोबर ती निळी अंतर्देशीय पत्रं बंबात सारत होती, एकेक करून, घड्या उलगडून. घडीसकट टाकलं तर कागद आतून कोरा राहतो, असं तिनंच मला सांगितलं. निळा कागद कडेनं तपकिरी होत जायचा, क्षणभर शाई कागदापेक्षा जास्त काळी दिसायची आणि मग सगळंच गोळा होऊन आत पडायचं. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता. त्या पत्रांतलं अक्षर कुणाचं होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि तिच्याकडून नाही कळलं.

एम. ए.ला मध्ययुगीन इंग्रजी साहित्य अभ्यासाला होतं. त्या काळातलं लग्न म्हणजे बापानं ठरवलेला जमिनीचा व्यवहार, असं मी डोक्यात धरून बसले होते. व्यवहार तर होताच. पण त्या व्यवहाराच्या बुडाशी एक विलक्षण कायदा होता आणि तो समजल्यावर त्या साहित्यातली लग्नाची सगळी भांडणं मला नव्यानं कळायला लागली.

कायदा चर्चचा. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांनी तो पक्का झाला. लग्न होतं ते दोघांच्या संमतीनं. मुलगी बारा वर्षांची, मुलगा चौदाचा, आधीचं लग्न किंवा जवळचं नातं आड येत नाही, एवढं असलं की पुरे. त्यानं म्हणायचं, “मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो.” तिनं म्हणायचं, “मी तुला पती म्हणून स्वीकारते.” संपलं. धर्मगुरू नसला तरी चालेल, साक्षीदार नसले तरी चालेल, आईबापांचा होकार नसला तरी लग्न खरंच. १२१५च्या लॅटरन परिषदेनं लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा नियम घातला आणि चोरून केलेल्या लग्नाला प्रायश्चित्त ठेवलं. पण असं लग्न झालंच नाही, असं काही चर्चनं म्हटलं नाही. आणि सगळा भार वाक्याच्या काळावर. “करीन” म्हटलं तर तो नुसता वायदा. “करते” म्हटलं तर तुम्ही जन्माचे नवराबायको. धर्मन्यायालयांत माणसं शपथेवर सांगायची की बागेत, गोठ्यात, खानावळीत अमक्यानं तमकीला नेमके कोणते शब्द उच्चारले.

आपण मराठीत ‘शब्द दिला’ म्हणतो आणि त्यात वचन आपोआप येतं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या इंग्रजीत ‘ट्राउथ’ हा असाच शब्द आहे. खरेपणा आणि दिलेलं वचन, दोन्ही त्यात एकत्र नांदतात.

तर मार्जरीनं शब्द दिला होता. घरात वादळ उठलं. तिच्या भावानं लिहून ठेवलंय की माझ्या बहिणीनं फ्रॅमलिंगममध्ये मेणबत्त्या आणि मोहरी विकत बसावं, याला माझी संमती कधीही मिळणार नाही. कॅलचं घराणं वाण्याचं. पास्टन स्वतः दोन-तीन पिढ्यांपूर्वी साधे शेतकरीच होते, पण वर चढलेल्या घराला खालच्या पायरीची भीती फार. रिचर्ड पत्रात लिहितो, ज्यांनी खरं तर सगळ्यांत जवळ असायचं तेच आपण सगळ्यांत दूर आहोत, तुझ्याशी बोलून मला हजार वर्षं झालीत असं वाटतं. आणि तो तिला विनवतो की काय झालंय ते घरच्यांना स्पष्ट सांगून टाक. चोरट्या प्रेमाचा डौल त्या पत्रात मुळीच नाही. हा माणूस दमलेला आहे, आणि आपली बायको आपली बायको आहे एवढंच त्याला उघडपणे म्हणायचं आहे.

प्रकरण नॉरिचच्या बिशपापुढे गेलं. सप्टेंबर महिना. त्याच दिवसांत पास्टनांच्या केस्टरच्या गढीला ड्यूक ऑफ नॉरफकच्या सैन्यानं वेढा घातलेला, मार्जरीचा एक भाऊ आत अडकलेला. म्हणजे घरावर दोन्हीकडून संकट. बिशपानं मार्जरीला तिच्या कुळाची, नातलगांची आठवण दिली. त्यांच्या मर्जीबाहेर गेलीस तर किती मोठ्या आधाराला मुकशील ते सांगितलं. मग विचारलं, तू नेमके कोणते शब्द बोललीस? त्या शब्दांनी लग्न होतं की नाही हे त्याला ठरवायचं होतं. कुठे एखादा भविष्यकाळ निसटला असेल तर सगळ्यांची सुटका होती.

मार्जरीनं शब्द सांगितले. आणि वर ठणकावून सांगितलं की या शब्दांनी पक्कं झालं नसेल, तर इथून जायच्या आधी मी ते आणखी पक्कं करते. शब्द काहीही असोत, माझ्या मनानं मी बांधली गेले आहे.

रिचर्डला वेगळं विचारलं. दोघांचं सांगणं जुळलं.

मार्जरीचे हे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते तिच्या आईच्या पत्रातून. मार्गारेट पास्टननं थोरल्या मुलाला सगळी हकिगत लिहिली, संतापून. त्या निर्लज्ज बोलण्यानं मला आणि तुझ्या आजीला बाकी सगळ्याइतकंच दुःख झालं, असं ती म्हणते. मुलगी बिशपाकडून परत येईल तेव्हा तिला घरात घ्यायचं नाही, हा निरोप तिनं आधीच दिलेला होता. दार बंद झालं. मुलाला ती समजावते की फार मनाला लावून घेऊ नकोस, आपण गमावलं ते एक वाया गेलेलं माणूस. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. ज्या बाईला मुलीचं बोलणं इतकं झोंबलं, तिनंच ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं. तिनं ते गाळलं असतं तर मार्जरीचा आवाज आज कुठेही नसता.

हा कायदा मुलींना वाचवणारा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. याच घरात वीस वर्षं आधी, १४४९मध्ये, मार्जरीच्या आत्याचं लग्न ठरवायचं चाललं होतं. एलिझाबेथ वीस वर्षांची. स्थळ स्टीफन स्क्रोप, पन्नाशीच्या आसपासचा विधुर, आजारपणानं चेहरा विद्रूप झालेला. ती नको म्हणाली. तिच्या आईनं, म्हणजे मार्जरीच्या त्याच आजीनं, तिला कोंडलं. घरच्या नोकरांशीसुद्धा बोलायची मनाई केली. ईस्टरपासून आठवड्यातून एकदा-दोनदा मार, कधी एकाच दिवशी दोनदा, डोकं दोन-तीन जागी फुटलेलं. हे सगळं एलिझाबेथ क्लिअर नावाच्या नातलग बाईनं मुलीच्या भावाला कळवलं. त्या पत्रात असंही आहे की स्क्रोपच्या जमिनीचे कागद ठीक असतील, आपल्या पोटच्या मुलांना वारसा मिळणार असेल, तर मुलगी त्यालाही हो म्हणायला तयार आहे. संमती अशीही काढता येते. फुटलेल्या डोक्यानं दिलेला होकार वर्तमानकाळातच असतो.

आणि पत्राच्या शेवटी क्लिअरबाई लिहितात, हे पत्र जाळून टाक, तुझ्या आईला कळलं तर ती मला कधीच माफ करणार नाही.

तेही जाळलं गेलं नाही. स्क्रोपशी तिचं लग्न काही झालं नाही, पुढे दहाएक वर्षांनी दुसऱ्याच माणसाशी झालं. पास्टनांनी कागद जपले ते जमिनीच्या दाव्यांना लागतील म्हणून. त्या गठ्ठ्यांत या बायका तगल्या. १७८७मध्ये जॉन फेननं ती पत्रं पहिल्यांदा छापली.

आता चॉसर. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरू वाटेत एकमेकांना कथा सांगतात. त्यांतली बाथ गावची बाई मला वर्गात भेटली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. तिचे पाच नवरे, लाल मोजे, दातांतली फट, एवढंच तेव्हा लक्षात राहिलं. चर्चच्या दारात मी पाच नवरे केले, असं ती सांगते. हे दार खरं आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न लागायचं ते चर्चच्या दाराबाहेर, लोकांच्या देखत. स्त्रीधनाचं, जमिनीचं काय ते तिथेच जाहीर व्हायचं आणि मग मंडळी आत प्रार्थनेला जायची. विधी लॅटिनमध्ये, पण वधूवरांचे शब्द इंग्रजीत, कारण ज्यांनी म्हणायचे त्यांना ते कळलेच पाहिजेत. बऱ्यावाईटात, गरिबी-श्रीमंतीत, आजारपणात आणि धडधाकट असताना, हे दोघांनीही म्हणायचं. तिच्या वाट्याला आणखी एक ओळ असायची, की शय्येत आणि पानावर मी गोड नि नम्र राहीन. माझ्या लग्नात सप्तपदीचा एकही मंत्र मला कळला नव्हता. गुरुजी म्हणतील तसं पाऊल टाकत गेले. म्हणून ही इंग्रजीत म्हणायची ओळ, आतल्या त्या गोड-नम्रसकट, मला फार महत्त्वाची वाटते. काय कबूल करतो आहोत, ते निदान त्या मुलीच्या कानांना कळत होतं.

या बाईला बाराव्या वर्षी लग्नाला उभं केलंय. पहिले तीन नवरे म्हातारे आणि पैसेवाले, चौथा बाहेरख्याली. पाचवा जॅनकिन वीस वर्षांचा, ही चाळीस वर्षांची. चौथ्याच्या अंत्ययात्रेत तिरडीमागून चालणाऱ्या जॅनकिनचे पाय बघून तिचं मन बसलं. त्याच्याशी लग्न प्रेमासाठी केलं, असं ती स्वतः सांगते, आणि जमीनजुमला सगळा त्याच्या हवाली केला. हा ऑक्सफर्डला शिकलेला. त्याच्याकडे एक पुस्तक होतं. वाईट बायकांच्या गोष्टी, संत जेरोमपासून निरनिराळ्या पंडितांनी लिहिलेल्या, एकत्र बांधलेल्या. रोज रात्री शेकोटीशी बसून तो ते मोठ्यानं वाचायचा आणि हसायचा.

एका रात्री तिनं त्यातली तीन पानं टर्रकन फाडली आणि त्याच्या गालावर अशी ठेवून दिली की तो मागच्या मागे विस्तवात पडला. उठून त्यानं तिच्या डोक्यात ठोसा घातला. ती निपचित पडली. त्या ठोशानं तिचा एक कान कायमचा गेला.

चॉसरची कारागिरी बघा. पुस्तकाच्या सुरुवातीला यात्रेकरूंची ओळख करून देताना तो एवढंच म्हणतो की ती थोडी बहिरी होती, वाईट वाटतं. कारण सांगत नाही. वाचणारा पुढे जातो. खूप पानांनंतर ती स्वतः बोलायला लागते तेव्हा कळतं की तो कान एका पुस्तकापायी गेला. तिचा सवालही त्याच भांडणातला. सिंहाचं चित्र काढलं कुणी, सांगा मला? मठांतल्या पंडितांऐवजी बायकांनी गोष्टी लिहिल्या असत्या तर पुरुषांचे इतके दुर्गुण नोंदले गेले असते की आदमच्या सगळ्या वंशाला ते निस्तरता आले नसते. शेवटी समेट होतो. घर, जमीन, त्याची जीभ आणि त्याचा हात, सगळ्याचा लगाम तो तिच्या हातात देतो. आणि ती त्याला ते पुस्तक तिथल्या तिथे जाळायला लावते.

जाळलेल्या पुस्तकातलं जवळजवळ सगळं मात्र आपल्याला कळलेलं असतं, कारण तिनंच ते सांगितलं. आणि तिला बोलतं केलं ते एका पुरुषानं. तिचे कितीतरी मुद्दे थेट जेरोमच्याच लिखाणातून उचलून उलटे फिरवलेले आहेत. तरीही तिच्या बोलण्यात जो श्वास आहे तो जेरोमचा नाही.

त्या पंडितांची बाजू नुसती द्वेषाची होती, असंही नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कुमारिकांनी लग्नाच्या फंदात पडू नये म्हणून कुणी धर्मगुरूनं लिहिलेलं एक गद्य आहे. उद्देश एकांगी, पण मधेच त्याची लेखणी स्वयंपाकघरात शिरते. बाई बाहेरून घरात येते तर मूल किंचाळतंय, मांजर टांगलेल्या मांसाशी, कुत्रं कातड्याशी, तव्याच्या दगडावर भाकर जळतेय, वासरू दूध पिऊन टाकतंय, मडकं उतू जाऊन विस्तवात चाललंय, आणि नवरा ओरडतोय. आठशे वर्षांपूर्वी हे लिहिणारा माणूस कधीतरी अशा घरात, कुठल्या तरी कोपऱ्यात, मूल होऊन बसला असणार.

चॉसरनं लग्नावर इतक्या बाजूंनी लिहिलं की जॉर्ज किट्रिज या अभ्यासकानं १९१२ साली त्या कथांचा एक गटच मांडला. त्यात साठीच्या जानुआरीनं मे नावाच्या कोवळ्या मुलीशी केलेलं लग्न आहे. ती कथा मला आवडत नाही, तिच्यात कुणाबद्दलच माया नाही. ग्रिसेल्डाची कथा मात्र सोडवत नाही. इटलीतल्या सालुत्सोचा मार्क्विस, म्हणजे तिथला सरदार, वॉल्टर गरिबाघरच्या ग्रिसेल्डाला मागणी घालतो आणि आधी कबूल करून घेतो, की मी हो म्हणालो की तू नाही म्हणायचं नाही, तोंडानं नाही आणि कपाळाला आठी घालूनही नाही. ती शब्द देते. मग तो तिची मुलगी नेतो, मुलगा नेतो, मारायला नेल्याचं भासवतो, आणि शेवटी दुसरं लग्न करायचंय म्हणून तिला बापाकडे परत पाठवतो. ती काही म्हणत नाही. अंगावरचे कपडे, दागिने, अंगठी, सगळं परत देते आणि मग एकच गोष्ट मागते. मी येताना माझं कौमार्य आणलं होतं, ते मला परत नेता येत नाही. त्याच्या बदल्यात एक आतला झगा द्या. ज्या पोटात तुमची मुलं वाढली ते लोकांसमोर उघडं दिसू देऊ नका. किड्यासारखी मला रस्त्यानं जायला लावू नका.

‘नाही’ न म्हणण्याचा शब्द दिलेल्या बाईनं ‘नाही’ न म्हणता मांडलेला हा हिशेब आहे. वॉल्टरला त्यावर धड बोलता येत नाही. पेट्रार्क या इटालियन कवीकडून ही कथा घेताना चॉसरचा कथेकरी बजावतो की बायकांनी ग्रिसेल्डासारखं वागावं म्हणून मी ही सांगितलेली नाही, ते कुणाला झेपणारच नाही.

एक खरं जोडपं सांगायचं राहिलं. लिन बंदरातली मार्जरी केंप, चौदा मुलांची आई. तिला ब्रह्मचर्याचं व्रत घ्यायचं होतं. पण चर्चच्या हिशेबी नवराबायको एकमेकांच्या देहाचे ऋणकरी, त्यामुळे नवऱ्यानं ऋण सोडल्याशिवाय व्रत नाही. १४१३च्या जूनमधला शुक्रवार, अतिशय उकाडा, दोघं यॉर्ककडून चालत येताहेत. तिच्या हातात बीअरची बाटली, त्याच्या सदऱ्यात जपून ठेवलेली भाकरी. तो विचारतो, कुणी तलवार घेऊन आला आणि म्हणाला की तू नवऱ्याला जवळ घेतलं नाहीस तर त्याचं डोकं उडवीन, तर काय करशील? ती खूप दुःखानं, पण खरं सांगते, की तुमचं डोकं उडालेलं पाहीन. तो म्हणतो, तू चांगली बायको नाहीस. मग रस्त्याकडेच्या क्रुसाखाली ठराव होतो. तिनं त्याचं कर्ज फेडायचं, शुक्रवारचा उपास सोडून त्याच्याबरोबर जेवायचं, आणि त्यानं तिचा देह मोकळा करायचा. दोघं गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि ती भाकरी, ती बीअर तिथेच बसून संपवतात.

लोकांनी बोलू नये म्हणून पुढे ती वेगळी राहत होती. साठी ओलांडलेला तिचा नवरा जॉन एकदा जिन्यावरून पडला, डोकं फुटलं. गाव म्हणालं, हा मेला तर हिला फाशी द्या. तिनं त्याला घरी आणलं आणि मरेपर्यंत सांभाळलं. तो लहान मुलासारखा झाला होता, शेकोटीपाशी बसल्या जागी त्याचे कपडे खराब व्हायचे. धुणं फार, जळण फार, प्रार्थनेला वेळ नाही. तरुणपणी याच देहाची आपल्याला किती ओढ होती हे तिला त्या धुण्याच्या ढिगापाशी आठवायचं. तिनं हे लिहवून घेतलं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. लग्नाबद्दल यापेक्षा खरं काही मी कुठल्याही भाषेत वाचलेलं नाही.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले होते. आतेकाका गेल्याला तीन वर्षं झालीत. शेवटची चार वर्षं ते अंथरुणावर होते आणि आत्यानं त्यांचं सगळं केलं. दुपारी चहा घेताना मी तिला कॅलच्या पत्राची गोष्ट सांगितली. आई, भाऊ, मोहरी, बिशप, सगळं सांगितलं. बंबाचं काही बोलले नाही. ती ऐकत राहिली, मधे एकदा उठून गॅस बंद करून आली.

“मग लग्न मानलं का त्यांनी?”

“मानावंच लागलं. तीन मुलं झाली. आणि रिचर्डला पास्टनांनी पुन्हा कामावरही ठेवला, त्याच्यावाचून हिशेब अडत होते.”

“आणि आई? तिनं दार उघडलं का कधी?”

मी तिला सांगितलं की १४८२ साली मार्गारेटनं मृत्युपत्र केलं. त्यात जॉन कॅल नावाच्या मुलाला २० पौंड ठेवले आहेत, तो चोवीस वर्षांचा झाला की द्यायचे.

“जॉन कॅल म्हणजे हिचा?”

“हिचा.”

आत्यानं कप खाली ठेवला. “मुलीचं नाव घातलंय त्यात?”

“घातलंय. माझी मुलगी मार्जरी, तिचा मुलगा, असं लिहिलंय.”